विश्लेषण : फिट येऊन गेल्यावर मांजर ‘परक्यासारखे’ का वागते?

मांजराला फिट येते ती बहुधा मिनिट-दोन मिनिटांची. अंग ताठ होते, पाय सायकल चालवल्यासारखे हलतात, तोंडातून लाळ गळते, कधी जागच्या जागी लघवी होते आणि मग सगळे थांबते. घरातल्या माणसांना त्याहून जास्त चक्रावून टाकते ते त्यानंतरचे. रोज मांडीवर येऊन झोपणारे मांजर आपल्यालाच पाहून फिस्कारते. चार वर्षे वावरलेल्या घरात भिंतींना आपटत फिरते. मातीचा ट्रे कुठे आहे हे विसरते, किंवा जेवून झाल्यावरही उपाशी असल्यासारखे खात सुटते. काही घरांत हे तासाभरात निवळते. काही घरांत आठवडे उलटले तरी ‘आमची मनी पूर्वीची राहिली नाही’ हे वाक्य ऐकू येत राहते.

या काळात चुकीचा अंदाज महागात पडतो. कुणी ‘मांजर पिसाळले’ म्हणून ते लांब नेऊन सोडून देते. कुणी औषध सुरू झाल्यावर आलेली सुस्ती पाहून औषधच बंद करते. दोन्हींत मांजराचा जीव जाऊ शकतो. उलट, खरोखर रेबीजची शक्यता असताना ‘फिटनंतर असे होतेच’ म्हणत चावा अंगावर काढला, तर धोका माणसाच्या जिवाला असतो. त्यामुळे फिटनंतरचे कोणते वागणे कशामुळे असते, हे मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे.

फिट थांबल्यावर मेंदूत काय चालू असते?

मेंदूतल्या पेशी एकमेकींना विजेच्या सूक्ष्म संदेशांनी चालवतात. पुढे ढकलणारे संदेश आणि ब्रेक लावणारे संदेश यांचा तोल असतो. हा तोल एखाद्या भागात सुटला की हजारो पेशी एकाच वेळी, एकाच तालात पेटतात. तीच फिट, म्हणजेच आकडी किंवा अपस्माराचा झटका. वारंवार आणि ठोस बाहेरचे कारण नसताना झटके येऊ लागले की त्याला अपस्मार म्हणतात.

झटका संपला म्हणजे मेंदू लगेच ताळ्यावर आला, असे होत नाही. फोन बंद पडून पुन्हा सुरू होताना स्क्रीन उजळते, पण ॲप उघडायला वेळ लागतो, तसा हा टप्पा असतो. अर्थात ही उपमा फार ताणण्यात अर्थ नाही, कारण फोनच्या बाबतीत काही थकत नाही आणि मेंदूत मात्र पेशी खरोखरच थकलेल्या असतात. झटका थांबवण्यासाठी मेंदूने स्वतःच सोडलेली शामक रसायने अजून रेंगाळत असतात. शिवाय कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून आणि अपस्माराच्या रुग्णांच्या तपासणीतून आणखी एक गोष्ट दाखवली. झटका ज्या भागात झाला, तिथला रक्तपुरवठा झटक्यानंतर तासाभराहून अधिक काळ कमी राहतो आणि त्या भागाला प्राणवायू अपुरा पडतो. उंदरांमध्ये हा परिणाम घडवणारे विकर वेदनाशामकांनी रोखले, तर झटक्यानंतरचा गोंधळही कमी झाला.

इथे एक इशारा लगेच द्यायला हवा. हे वाचून घरातली पॅरासिटामॉलची गोळी कुणी मांजराला देऊ नये. मांजराच्या यकृताला पॅरासिटामॉलचा निचरा करता येत नाही आणि एका गोळीनेही त्याचा जीव जाऊ शकतो. आयबुप्रोफेनही तितकेच घातक आहे.

झटक्यानंतरच्या या काळात मांजर दिसते जागे, पण पूर्ण भानावर नसते. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात आणि डोळे ठणठणीत असूनही दिसत नाही, कारण पाहिलेल्याचा अर्थ लावणारा मेंदूचा भागच अजून सावरलेला नसतो. हाक ओळखू येत नाही. अशा अवस्थेत अचानक दोन हात उचलायला आले, तर ते हात कुणाचे आहेत हे त्याला कळत नाही. नखे आणि दात बाहेर येतात ते रागाने नव्हे, भीतीने. ‘मीच तर आहे’ असे म्हणत जवळ घेणारी माणसे म्हणूनच सर्वांत जास्त ओचकारली जातात.

बहुतेक मांजरांत हा टप्पा काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत चालतो. क्वचित एखादा दिवस किंवा त्याहून थोडा अधिक. याच काळात येरझाऱ्या, एकाच दिशेने गोल फिरणे, घोगऱ्या आवाजात ओरडणे, खूप पाणी पिणे, खूप खाणे किंवा कपाटामागे जाऊन बसणे दिसते. दोन दिवसांनंतरही दिसत नसेल, चाल अडखळत असेल किंवा वागणे तसेच असेल, तर ते नुसते ‘फिटनंतरचे’ राहत नाही. त्यामागे दुसरे कारण शोधावे लागते.

विचित्र वागणे हीच फिट असू शकते का?

असू शकते, आणि मांजरांच्या बाबतीत ही गोष्ट हमखास निसटते. फिट म्हटले की आडवे पडून झटके देणारा प्राणी डोळ्यांसमोर येतो. पण झटका मेंदूच्या एका भागापुरता राहिला, तर मांजर उभे असते, डोळे उघडे असतात. फक्त मिशांजवळचा भाग फडफडतो, कान एका बाजूने उडतो, तोंड चघळल्यासारखे हलते, लाळ येते, नजर एका जागी खिळते. काही मांजरे अचानक सुसाट धावत सुटतात आणि समोर काय आहे हे न पाहता आदळतात. कुणाला वाटते माशी पकडतेय, कुणाला वाटते खेळतेय, कुणाला वाटते भूत दिसले. हे वीस-तीस सेकंदांचे प्रकार दिवसातून अनेकदा होत असतील, तर प्रत्येक झटक्यामागचा गोंधळही एकापुढे एक साचत जातो आणि मांजर दिवसभर ‘बदललेले’ दिसते.

अशा मांजरांचा सर्वांत लक्षवेधी अभ्यास व्हिएन्नातल्या पशुवैद्यकीय विद्यापीठात झाला. आकोश पाकोझ्दी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये चेहऱ्याच्या हालचालींसह येणाऱ्या, एकामागून एक अशा झटक्यांची नोंद मांडली. झटक्यांच्या मधल्या काळातही ही मांजरे आक्रमक, भेदरलेली, दिशाहीन होती. मेंदूच्या तपासणीत बिघाड सापडला तो प्रामुख्याने हिप्पोकॅम्पस या भागात. आठवणी साठवणे आणि ठिकाण ओळखणे हे त्याचे काम. त्याला लागूनच ॲमिग्डाला असतो, जो भीती आणि राग हाताळतो. झटके या परिसरातून उठत असतील, तर मांजर घर विसरते आणि माणसांना घाबरते यात नवल नाही.

दोन वर्षांनी, २०१३ मध्ये, याच गटाने पुढचा दुवा सापडल्याचे जाहीर केले. अशा काही मांजरांच्या रक्तात मेंदूतल्याच प्रथिनांवर हल्ला करणारी प्रतिपिंडे होती. त्यांत ‘एलजीआय-१’ नावाचे प्रथिन महत्त्वाचे. हेच प्रथिन २०१० मध्ये माणसांमधल्या एका मेंदूदाहाशी जोडले गेले होते. त्या आजारात माणसाची स्मृती जाते, गोंधळ उडतो, स्वभाव पालटतो आणि चेहऱ्यापासून सुरू होणारे झटके येतात. म्हणजे ‘आमचे मांजर अचानक वेगळेच झाले’ या तक्रारीमागे कधीकधी शरीराच्या संरक्षण यंत्रणेने स्वतःच्याच मेंदूवर केलेला हल्ला असतो.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. अशा मांजरांना फिटच्या औषधांबरोबर स्टेरॉइडसारखी संरक्षण यंत्रणा शांत करणारी औषधे देऊन पाहता येतात. पहिले काही दिवस भयानक असतात, काही मांजरे त्यातून वाचत नाहीत. पण तीव्र अवस्थेतून बाहेर पडलेल्यांपैकी काहींना पुढे दीर्घकाळ झटके आले नाहीत. पहिल्याच आठवड्यात ‘आता हिचे काही खरे नाही’ असे ठरवून टाकण्याची घाई करू नये, ती यासाठी.

झटके थांबले तरी स्वभाव बदललेला राहू शकतो?

या प्रश्नाचा एक जुना आणि काहीसा अस्वस्थ करणारा धागा प्रयोगशाळेतून येतो. ग्रॅहॅम गॉडर्ड या संशोधकाला १९६०च्या दशकात उंदरांच्या मेंदूला रोज अगदी सौम्य विजेचा धक्का देताना आढळले, की सुरुवातीला काहीच न करणारा धक्का काही दिवसांनी पूर्ण फिट आणू लागतो. काटक्यांनी चूल चेतवावी तसा मेंदू हळूहळू चेतवला जातो. म्हणून या प्रकाराला ‘किंडलिंग’ नाव पडले.

पुढे कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमधील मेमोरियल विद्यापीठात रॉबर्ट अडॅमेक यांनी हेच मांजरांवर करून पाहिले, पण पूर्ण झटका येण्याच्या अलीकडेच थांबून. भावना हाताळणाऱ्या भागांत अशी अर्धवट चेतवणी दिल्यावर मांजरांचा स्वभाव बदलला. उंदरावर झडप घालणारे मांजर कचरू लागले. दुसऱ्या मांजराच्या धमकीच्या आवाजाने ते अधिक दबून बसू लागले. आणि हा बदल धक्के थांबल्यावरही टिकला. झटका डोळ्यांना दिसलाच पाहिजे असे नाही, मेंदूतल्या मेंदूत झालेली खळबळही भित्रेपणा मागे ठेवू शकते, हे या प्रयोगांनी दाखवले. आज असे प्रयोग कुणाला पटणार नाहीत, मलाही ते वाचताना बरे वाटले नाही. पण घरच्या मांजरांबद्दल ते जे सांगतात ते खरे मोलाचे आहे. झटक्यांवर लवकर नियंत्रण मिळवणे हा स्वभाव वाचवण्याचाही प्रयत्न असतो.

सगळाच बदल मेंदूतून येतो असेही नाही. फिट पाहिलेली माणसे बदलतात. मांजर जरा हलले की सगळे धावतात, रात्री टॉर्च मारून पाहतात, गॅलरी बंद होते, दिवसातून दोन-तीनदा तोंड उघडून गोळी घातली जाते. ज्या हातांनी आजवर फक्त कुरवाळले, तेच हात आता मान पकडतात. मांजर लपून बसू लागले तर त्यातला किती भाग झटक्यांचा आणि किती गोळीचा, हे घरच्यांनी प्रामाणिकपणे तपासायला हवे. गोळी ओल्या खाद्याच्या छोट्या गोळ्यात लपवून देणे, देऊन झाल्यावर लगेच काहीतरी आवडीचे देणे, दरवेळी वेगळ्या ठिकाणी न गाठता एकच जागा आणि वेळ ठेवणे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

घरात दुसरे मांजर असेल तर त्याचेही वागणे बिघडते. झटके देणारे मांजर त्याला आपले वाटत नाही. मग दवाखान्यातून परत आलेल्या मांजराच्या अंगाला औषधांचा आणि परक्या प्राण्यांचा वास असतो. मांजरे एकमेकांना वासाने ओळखतात, त्यामुळे सख्खी भावंडेही एकमेकांवर तुटून पडतात. दोघांना काही काळ वेगळ्या खोल्यांत ठेवून, अंथरुणे अदलाबदल करून, मग दाराच्या फटीतून भेट घडवणे हा मार्ग सावकाशीचा आहे. घाईने समोरासमोर आणले की वैर बसते आणि ते महिनोन्‌महिने उतरत नाही.

बदल आजाराचा की औषधाचा?

मांजरांत फिटसाठी सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे फिनोबार्बिटल. आपल्याकडे अनेक घरांत ते ‘गार्डिनल’ म्हणून माहीत असते. १९१२ पासून माणसांसाठी वापरात असलेले हे औषध मांजरांना चांगले लागू पडते. कुत्र्यांत दिसणारा यकृताचा त्रास मांजरांत तुलनेने कमी दिसतो. पण सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांत मांजर पेंगुळते, मागचे पाय लटपटतात, उडी चुकते आणि भूक वाढते. नेमके याच वेळी घरात ‘औषधाने मांजराची रया गेली’ असा निष्कर्ष निघतो. बहुतेकांत शरीर औषधाला सरावले की ही सुस्ती ओसरते. दोन-तीन आठवड्यांनी रक्तातले औषधाचे प्रमाण तपासून मात्रा ठरवतात. त्याआधी औषध चालते की नाही, हे ठरवता येत नाही.

औषध एकदम बंद करणे सर्वांत धोक्याचे. शरीराला सवय झालेली असताना फिनोबार्बिटल तोडले तर एकामागून एक झटके येऊ शकतात. कमी करायचेच असेल तर ते टप्प्याटप्प्याने आणि पशुवैद्यांच्या सांगण्यानेच.

दुसरे औषध लेव्हेटिरासिटाम. त्याचा यकृतावर भार नाही, सुस्तीही कमी. अडचण वेळेची आहे. साधी गोळी दर आठ तासांनी द्यावी लागते. सकाळची लोकल पकडून रात्री परतणाऱ्या घराला हे वेळापत्रक कसे जमणार, हा प्रश्न दवाखान्यातच मोकळेपणाने विचारलेला बरा. हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारची गोळी मोडून किंवा कुटून देता येत नाही, कारण तिचा सगळा डोस एकदम बाहेर पडतो.

कुत्र्याची औषधे मांजराला चालवून नेण्याचा मोहही टाळायला हवा. कुत्र्यांना दिले जाणारे पोटॅशियम ब्रोमाइड मांजरांत दम्यासारखा फुप्फुसांचा दाह घडवते. तोंडाने रोज डायझेपाम दिल्यावर काही मांजरांचे यकृत अचानक निकामी झाल्याच्या नोंदी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाल्या, तेव्हापासून मांजरांसाठी ते रोजचे औषध राहिलेले नाही. चालू झटका थांबवण्यासाठी ते दवाखान्यात देतात, ती गोष्ट वेगळी.

मुळात फिट आली कशाने?

कुत्र्यांत अनेकदा कारण न सापडणारा अपस्मार असतो. मांजरांत मात्र कारण सापडण्याची शक्यता जास्त, म्हणून ‘फिटची गोळी’ एवढ्यावर थांबणे योग्य नाही. शिवाय काही आजारांत वागणे आधी बदलते आणि फिट नंतर येते.

दहा-बारा वर्षांपुढच्या मांजरात मेंदूच्या आवरणाची गाठ, म्हणजे मेनिंजिओमा, हे एक कारण. ती बहुधा सावकाश वाढते आणि अनेकदा शस्त्रक्रियेने काढता येते. मांजर वयामुळे तिरसट झाले म्हणून घरचे महिनोन्‌महिने दुर्लक्ष करतात आणि मग पहिली फिट येते. याच वयात मूत्रपिंडाच्या विकाराने किंवा थायरॉइड वाढल्याने रक्तदाब चढतो. तोही झटके आणू शकतो आणि डोळ्यांचा पडदा सुटून कायमचे अंधत्वही. मांजराचा रक्तदाब मोजता येतो, हेच बऱ्याच जणांना माहीत नसते.

दोन वर्षांच्या आतल्या मांजरात एफआयपी हा करोना कुळातल्या विषाणूचा आजार मेंदूत शिरू शकतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत तो म्हणजे मृत्यूच मानला जात असे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील निल्स पेडरसन यांच्या गटाने २०१९ मध्ये ‘जीएस-४४१५२४’ या औषधाने मांजरे बरी होऊ शकतात असे दाखवले आणि चित्र पालटले. मेंदूपर्यंत पोहोचलेल्या आजाराला जास्त मात्रा लागते, पण आशा असते. अगदी लहान पिल्लू जेवणानंतर लाळ गाळत असेल, भिंतीला डोके टेकून उभे राहत असेल, तर यकृताला वळसा घालून जाणारी जन्मजात रक्तवाहिनी असू शकते. अशा पिल्लांचे डोळे अनेकदा तांब्याच्या रंगाचे असतात.

कोकणपट्टीत आणि मुंबईत लक्षात ठेवायची एक गोष्ट म्हणजे कच्ची मासळी. काही जातींच्या कच्च्या मासळीत ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते. रोज निव्वळ त्यावरच पोसलेल्या मांजरात या जीवनसत्त्वाची तूट पडून मान खाली झुकते, तोल जातो, झटके येतात. मासळी शिजवली की ते विकर निकामी होते. वेळीच इंजेक्शने मिळाली तर अशी मांजरे झपाट्याने सुधारतात.

आणि सर्वांत टाळता येण्याजोगे कारण म्हणजे कुत्र्याचे गोचिडांचे औषध. मानेवर टाकायच्या अनेक थेंबांत परमेथ्रिन असते. कुत्रा ते सहज पचवतो, मांजराच्या यकृताला ते जमत नाही. काही तासांत थरथर सुरू होते आणि झटके येतात. औषधाच्या पाकिटावर मांजराच्या चित्रावर फुली असेल, तर ती शोभेची नसते. कुत्र्याला औषध लावले असेल, तर ते वाळेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ झोपू देऊ नये.

म्हाताऱ्या मांजरांचा एक प्रकार मात्र थोडा वेगळा आहे. चमचा चिनी मातीच्या वाडग्यावर आपटला, ॲल्युमिनियमचा कागद चुरगळला, किल्ल्या वाजल्या की झटका. ब्रिटनमधील ‘इंटरनॅशनल कॅट केअर’ या संस्थेकडे पालकांच्या अशा तक्रारी येत होत्या. पशुवैद्यांनी ९६ मांजरांच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये हा आवाजाने येणारा अपस्मार असल्याचे दाखवले. मांजरे १० ते १९ वर्षांची होती आणि त्यांतली बरीचशी चक्क कमी ऐकू येणारी किंवा बहिरी समजली जाणारी. कार्टूनमधल्या टॉमच्या दचकण्यावरून त्याला ‘टॉम अँड जेरी सिंड्रोम’ म्हटले गेले. या प्रकारात लेव्हेटिरासिटाम फिनोबार्बिटलपेक्षा कितीतरी सरस ठरते. स्टीलच्या भांड्यांनी भरलेल्या आपल्या स्वयंपाकघरात म्हातारे मांजर जेवणाच्या वेळी पळ काढत असेल, तर तो नुसता लहरीपणा नसेलही.

रेबीजची शंका कधी घ्यायची?

लसीकरण न झालेले किंवा बाहेर फिरणारे मांजर अचानक आक्रमक झाले, आवाज बदलला, गिळता येईना, पाय लुळे पडू लागले आणि झटके आले, तर रेबीज डोक्यात ठेवलाच पाहिजे. फिटनंतरचा गोंधळ तासातासाला कमी होतो. रेबीजची लक्षणे सुरू झाली की मांजर दिवसागणिक खालावते आणि बहुतेक वेळा दहा दिवसांच्या आत मरते. फरक सांगायला सोपा आहे, पण तो घरी बसून ओळखायच्या भानगडीत पडू नये. मांजराने चावले किंवा ओचकारून रक्त काढले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, हळद-चुना काही लावू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लस सुरू करावी. मांजर जिवंत असेल तर त्याला बंदिस्त ठेवून दहा दिवस पाहतात. ते ठणठणीत राहिले, तर पुढचे डोस घ्यायचे की थांबवायचे, हे डॉक्टर ठरवतात. लस पाहणीच्या निकालासाठी थांबवायची नसते.

झटक्याच्या वेळी आणि नंतर घरात काय करावे?

कांदा हुंगवू नये, चप्पल नाकाशी धरू नये, तोंडात बोट किंवा चमचा घालू नये. मांजर जीभ गिळत नाही, बोट मात्र तुटेल. घड्याळ पाहावे, कारण घाबरलेल्या माणसाला चाळीस सेकंदही दहा मिनिटांसारखे वाटतात. शक्य असेल तर मोबाइलवर चित्रण करावे. दवाखान्यात मांजर शहाण्यासारखे बसते आणि डॉक्टरांना दिसत काहीच नाही, तेव्हा ते चित्रण कोणत्याही वर्णनापेक्षा उपयोगी पडते. झटका पाच मिनिटांहून लांबला, किंवा २४ तासांत दोन वा अधिक झटके आले, तर वाट न पाहता दवाखान्यात न्यावे. लांबलेल्या झटक्यात अंग तापते आणि मेंदूची हानी होते.

झटका थांबल्यावर दिवे मंद करावेत, टीव्ही आणि मिक्सर बंद करावा, मुलांना आणि इतर प्राण्यांना दुसऱ्या खोलीत न्यावे. गॅलरीचे आणि खिडक्यांचे दार आधी लावावे. न दिसणारे, येरझाऱ्या घालणारे मांजर वरच्या मजल्यावरून सहज पडते. उचलून घेण्याऐवजी जमिनीवर बसून हळू आवाजात बोलावे आणि ते आपणहून जवळ येण्याची वाट पाहावी. खाणे-पाणी पूर्ण भानावर आल्यावरच, नाहीतर ठसका लागून अन्न फुप्फुसात जाते. मातीचा ट्रे त्याच खोलीत आणून ठेवावा. पुढचे काही दिवस फर्निचर हलवू नये.

एक वही ठेवावी. झटक्याची तारीख, वेळ, किती सेकंद, आधी काय चालले होते, नंतर किती वेळाने नाव ओळखले, कधी खाल्ले, कुणावर फिस्कारले, कोणती गोळी केव्हा दिली. तीन महिन्यांच्या अशा नोंदींतून ‘मांजर बदलले’ या ढोबळ तक्रारीचे तुकडे पडतात. बुधवारचा राग झटक्यानंतरच्या चार तासांचा होता, सुस्ती मात्रा वाढवल्यापासूनची आहे, लपून बसणे मात्र दोन झटक्यांच्या मध्येही चालूच आहे, असे. यातले शेवटचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. औषध कमी पडते आहे का, की मेंदूचा एमआरआय करायला हवा, हा निर्णय त्यावर अवलंबून असतो. एमआरआय भूल देऊनच करावा लागतो, ती सोय सगळीकडे नाही आणि खर्चही मोठा आहे. रक्त, लघवी, रक्तदाब आणि यकृताच्या तपासण्या आधी करून घेतल्या, तर पुष्कळ मांजरांचे कारण तिथेच हाती लागते.

मांजर ठेवायचे, दुसऱ्याला द्यायचे की त्याचा त्रास संपवायचा, हा विचार घराघरांत होतोच आणि तो करणाऱ्यांना निष्ठुर म्हणण्यात अर्थ नाही. लहान मूल असलेल्या घरात अंगावर धावणारे मांजर ही खरी अडचण आहे. पण हा निर्णय झटक्यानंतरच्या दोन दिवसांत किंवा फिनोबार्बिटलच्या पहिल्या दोन आठवड्यांत घेऊ नये, कारण त्या काळात दिसणारे मांजर पुढे राहणारे मांजर नसते. रक्तातले औषधाचे प्रमाण तपासून झाल्यावर, मात्रा एकदा तरी सुधारून पाहिल्यावर आणि दुसरे औषध जोडण्याचा पर्याय विचारात घेतल्यावर मग डॉक्टरांशी बसून बोलावे. झटके पूर्ण थांबणे सगळ्यांच्या नशिबी नसते. ते विरळ आणि सौम्य झाले, मधल्या दिवसांत मांजर खाते, अंग चाटून स्वच्छ ठेवते, खिडकीत बसून कबुतरांवर डोळा ठेवते, तर उपचार लागू पडत आहेत असे पशुवैद्य मानतात.

सुटीत गावाला जाताना मांजर शेजाऱ्यांकडे ठेवणार असाल, तर गोळ्या दोन दिवस जास्तीच्या द्या आणि वेळा कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा. फिनोबार्बिटल डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक दुकानात असतेच असे नाही. गणपतीत गावच्या दुकानात ते मिळेल या भरवशावर निघू नका.